गरोदरपण आणि दारू : एक न विचारलेला प्रश्न



तीन वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. आमच्या महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर सास्तूरपासून कोस-दीड कोसावरच्या एका गावी होते. पौषातली थंडी. मारुतीच्या पारासमोर बायकांची सभा भरवली होती आणि विषय होता व्यसनमुक्तीचा. दहा मिनिटे बोलायचे ठरवून मी पाऊण तास बोललो. मी मराठीचा अध्यापक. दारूचा विषय निघाला की गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ आठवल्यावाचून राहत नाही. सुधाकराचा पहिला पेला आणि सिंधूच्या संसाराची झालेली राखरांगोळी मी रंगवून सांगितली. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. भाषण साधले, अशा समाधानाने मी खाली बसलो.

सभा उठली तरी एक म्हातारी मागे रेंगाळली. माझ्याकडे न येता ती आमच्या एका विद्यार्थिनीजवळ गेली आणि दबक्या आवाजात म्हणाली, “पोरी, तुझे सर लई चांगलं बोलले. पर एक इचारू का? पोटुशी बाईनं कंबर दुखती म्हणून राती घोटभर घेतली, तर लेकराला बाधतं का गं?”

मुलीला उत्तर ठाऊक नव्हते. तिने येऊन मला विचारले. मलाही ते ठाऊक नव्हते. आमच्या सभेत दारू पिणारा पुरुष होता आणि रडणारी स्त्री होती. दारू पिणारी स्त्री, त्यातही गरोदर स्त्री, आमच्या कुणाच्या मनातसुद्धा आली नव्हती. १९१९ साली ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आले. तेव्हापासून दारू म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे सिंधूच उभी राहते. ते चित्र खोटे नाही. आजही शंभर घरांपैकी नव्याण्णव घरांत तेच दिसेल. परंतु त्या चित्रामुळे आपण एक प्रश्न विचारायचाच विसरलो, आणि आज मला त्याच प्रश्नाविषयी बोलायचे आहे.

आता कुणी म्हणेल, आमच्याकडे बाया कुठे पितात? आकडे त्यांच्याच बाजूचे आहेत. २०१९ ते २०२१ ह्या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभरात शंभर पुरुषांमागे एकोणीस जण दारू घेणारे निघाले, तर शंभर बायकांमागे केवळ एक. महाराष्ट्रात तर शंभरांत एकही पुरती भरत नाही. तथापि, दारात वही घेऊन आलेल्या परक्या माणसाला कोणती बाई “होय, मी घेते” म्हणेल? शिवाय आपल्याकडे बाई घेते ती बहुधा ‘दारू’ म्हणून घेतच नाही. ती औषध म्हणून घेते. थंडीची चमचाभर ब्रँडी, बाळंतिणीला ऊब यावी म्हणून ब्रँडी, उसाच्या फडावर मोळ्या वाहून अंग ठेचल्यासारखे झाले की झोप लागावी म्हणून नवऱ्याच्या बाटलीतली बोटभर देशी. शिंदीला तर कित्येक जण दारू मानतच नाहीत. ते झाडाचे पाणी. मग “दारू पितेस का?” ह्या प्रश्नाला ती बाई “नाही” म्हणते आणि आपल्या समजुतीप्रमाणे खरेच बोलत असते.

शरीर मात्र औषध आणि दारू असा भेद करीत नाही. देशी, हातभट्टी, बिअर, ब्रँडी, शिंदी ह्या सगळ्यांत नशा आणणारे द्रव्य एकच. आई प्याली की ते तिच्या रक्तात येते आणि नाळेवाटे बाळाच्या रक्तात उतरते. मोठ्या माणसाचे यकृत ते हळूहळू मोडून टाकते. पोटातल्या बाळाचे यकृत अजून कच्चे असते, त्याला ते जमत नाही. बाळाभोवतीच्या पाण्यातही ते द्रव्य उरते. म्हणजे आईची नशा उतरली तरी लेकराची सुटका झालेली नसते. हातपाय, हृदय, चेहरा ह्यांची घडण पहिल्या दोन-अडीच महिन्यांत होते, आणि पाळी चुकली आहे हे बाईच्या ध्यानात येईपर्यंत त्यातले काही दिवस निघून गेलेले असतात. मेंदू मात्र पुरे नऊ महिने घडत राहतो. म्हणून अमुक महिन्यात चालेल, अमुक महिन्यात चालणार नाही, असा हिशेब इथे नाही. एवढी घेतली तर काही होत नाही, असे सुरक्षित मापही वैद्यकशास्त्राला सापडलेले नाही. त्या म्हातारीच्या प्रश्नाचे उत्तर ‘होय, बाधू शकते’ हे आहे.

काय बाधते, हेही सांगतो. गर्भपात होऊ शकतो, मूल दिवस भरण्याआधी किंवा कमी वजनाचे जन्मू शकते. काही मुलांचे डोके लहान राहते, डोळ्यांच्या फटी आखूड, वरचा ओठ पातळ आणि नाकाखालची पन्हळ सपाट दिसते. पण बहुतेकांच्या चेहऱ्यावर काहीच दिसत नाही. दोष आत, मेंदूत असतो. काल शिकवलेले आज आठवत नाही, गणिताची पायरी सुटते, एका जागी चित्त ठरत नाही, शिक्षेतून धडा घेता येत नाही. ते मूल आळशी किंवा द्वाड ठरते. हे आयुष्यभराचे असते, त्यावर औषध नाही.

ही गोष्ट जगाला समजली त्याला फार काळ झालेला नाही. फ्रान्समधल्या नांत शहरी डॉ. पॉल लेम्वान ह्यांनी १९६८ साली, दारू पिणाऱ्या आईबापांच्या १२७ मुलांची हकीकत छापली. ती एका प्रांतिक नियतकालिकात आणि फ्रेंच भाषेत होती, म्हणून पुष्कळांनी वाचलीच नाही. (आपल्या भाषेत लिहिणाऱ्या आम्हा मंडळींनी मनाशी ठेवण्यासारखी गोष्ट.) पुढे १९७३ साली अमेरिकेत सिॲटल येथे डॉ. केनेथ जोन्स आणि डॉ. डेव्हिड स्मिथ ह्यांनी तेच लक्षणसमूह स्वतंत्रपणे ओळखले, त्याला नाव दिले, आणि मग जग जागे झाले.

ह्या बाबतीत सर्वांत दुःखद उदाहरण दक्षिण आफ्रिकेतल्या वेस्टर्न केप प्रांताचे. तिथे द्राक्षाचे मोठमोठे मळे आहेत. पिढ्यान्पिढ्या मळेवाले मजुरांना मजुरीचा काही भाग रोजच्या रोज दारूच्या रूपाने देत असत. कायद्याने ती चाल बंद झाली, पण लागलेली सवय कायद्याने सुटली नाही. दारूने इजा झालेल्या मुलांचे तिथले प्रमाण जगातल्या सर्वाधिक प्रमाणांपैकी एक ठरले आहे. ह्यात त्या आयांचा दोष किती आणि ज्याने मजुरी म्हणून पेला हातात दिला त्याचा किती, हे ज्याने त्याने ठरवावे. मला मात्र ते वाचताना आपले फड आठवले. आपल्याकडे मजुरीत दारू देत नाहीत, हे खरे. पण उचल घेऊन गेलेले जोडपे, पहाटेपासूनची तोड, कोपीतला संसार, जवळ दवाखाना नाही, आणि सातव्या महिन्यातही डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकात चढणारी बाई. तिने कंबरेसाठी घोटभर घेतली, तर दोष तिच्याच पदरात टाकून आपल्याला मोकळे होता येईल का?

इथेच समाजसेवकाचे काम सुरू होते. सास्तूरच्या मुलखाला हा शब्द नवा नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे जो भूकंप झाला, त्यात लातूर आणि त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतली सुमारे दहा हजार माणसे गेली. सास्तूरने त्याचा घाव फार खोल सोसला. त्यानंतर देशभरातून माणसे धावून आली. काही फोटो काढून गेली, काही वर्षानुवर्षे राहिली. ह्या दोहोंतला फरक इथल्या म्हाताऱ्या बायका माणूस अंगणात बसल्याबरोबर ओळखतात. आज सास्तूरला ‘स्पर्श’ ग्रामीण रुग्णालय आहे; अणदूरच्या ‘हॅलो’ संस्थेने गावातल्याच स्त्रियांना ‘भारतवैद्य’ म्हणून शिकवून उभे केले; तुळजापूरला टाटा समाजविज्ञान संस्थेच्या परिसरात समाजकार्याचे शिक्षण मिळते. परंतु मला आज जी समाजसेविका सांगायची आहे, ती त्याच गावची आशाताई. तिच्याजवळ समाजकार्याची पदवी नाही.

शिबिराच्या दुसऱ्या दिवशी आम्ही तिला म्हातारीचा प्रश्न सांगितला. ती क्षणभर गप्प राहिली आणि म्हणाली, “सर, त्यांची सून आहे. फडावरनं चार दिवसांमागं आलीय. पाचवा लागलाय. तुम्ही तिकडं जाऊ नका, मी बघते.” तिचे म्हणणे बरोबर होते. मी पुरुष, त्यातून मास्तर. मी त्या घरी गेलो असतो तर सुनेने दार लावून घेतले असते. पुढचे सारे मी तिच्याच तोंडून ऐकलेले आहे, आणि सून व सासू ह्यांच्या संमतीने, नावगाव वगळून, सांगतो आहे.

पहिल्या भेटीत आशाताईने दारूचा शब्दही काढला नाही. कंबर कुठे दुखते, झोप लागते का, मोळी उचलून किती दिवस झाले, लोहाच्या गोळ्यांनी मळमळते का, एवढेच विचारले. दुसऱ्या भेटीत दवाखान्याचे कार्ड करून दिले. तिसऱ्या वेळी सून एकटी तूर पाखडीत बसली होती. तेव्हा हीही सूप घेऊन शेजारी बसली आणि सहज म्हणाली, “फडावर लई बायका अंग दुखतं म्हणून थोडी घेतात. तुला किती घ्यावी लागायची गं?”

प्रश्न कसा केला आहे, इकडे लक्ष द्या. “तू घेतेस का?” असे तिने विचारले नाही. त्या प्रश्नाला “न्हाई” एवढेच उत्तर असते. पुष्कळ जणी घेतात, त्यात लपवण्यासारखे काही नाही, असे आधी म्हणून मग “किती” विचारले. सून थोडा वेळ पाखडत राहिली आणि म्हणाली, “गिलासात बोटभर, ताई. दिवाळीपासनं. झोपच लागंना.” कुठल्या अभ्यासक्रमात ही युक्ती शिकवीत असतील तर उत्तमच, आशाताईला ती कुणी शिकवली नव्हती.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ साली ह्या विषयावर मार्गदर्शन प्रसिद्ध केले. त्यातली पहिलीच शिफारस अशी की प्रत्येक गरोदर स्त्रीला, गरोदरपणात शक्य तितक्या लवकर आणि तपासणीच्या प्रत्येक भेटीत, दारू व इतर व्यसनांविषयी विचारावे. ‘प्रत्येक’ हा शब्द महत्त्वाचा आहे. तांड्यावरच्या बाईला विचारायचे आणि वाड्यातल्या सुनेला वगळायचे, असे केले की तो प्रश्न उरत नाही, आरोप होतो. सगळ्यांना विचारले की कुणालाच टोचत नाही. कागदावर त्याचा रकाना असो वा नसो.

“होय” म्हटल्यावर काय करायचे? आशाताई रागावली नाही. “अगं, लेकराचं वाटोळं केलंस” असे म्हणाली नाही. ती एवढेच म्हणाली, “तू घोटभर घेतलीस की ते पण घेतं, आणि त्याला पचवता येत न्हाई. झालं ते झालं. आजपासनं थांबलीस तर आजपासनं त्याचा मेंदू नीट वाढंल.” हे शास्त्राला धरूनच आहे. कितव्याही महिन्यात थांबले तरी लाभ होतो. आधीच घात झाला आहे असे जिला वाटले, ती भीतीने किंवा दुःखाने आणखी पिते. भीती घालणाऱ्या आम्हा व्याख्यात्यांना हे सहसा सुचत नाही.

मग तिने कंबरेची सोय पाहिली, कारण बाटली कंबरेसाठी होती. मोळी बंद, कुशीवर झोपणे, शेक, आणि दवाखान्यात डॉक्टरांनी दिलेलेच औषध. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी असते. त्या दिवशी ती स्वतः सुनेबरोबर गेली. सासूला वेगळे गाठून तिने पुरते समजावले. घोट देणारी तीच होती, आणि तो प्रेमाने देत होती. त्या दिवसानंतर सुनेच्या बाटलीची राखण सासूनेच केली. सर्वांत अवघड होता नवरा. तो फडावर. त्याला फोनवर सांगितले, तो हसला. फेब्रुवारीत दोन दिवस घरी आला तेव्हा बाटली घेऊनच आला. आशाताईने त्याला दारू सोड म्हटले नाही. बाळ होईपर्यंत बाटली घरात आणू नकोस, एवढेच मागितले. तेवढे त्याने ऐकले. पुढे त्याची सुटली का, असे विचाराल, तर नाही सुटली.

एक सावधगिरीची गोष्ट इथेच सांगतो. जी स्त्री रोज बरीच दारू घेते, सकाळी उठल्यावर जिचे हात कापतात, घाम येतो, तिला “आजच्या आज सोड” म्हणून घरी सोडून येऊ नये. एकाएकी बंद केल्याने झटके येऊ शकतात. ते आईला आणि बाळालाही धोक्याचे. तिला डॉक्टरांच्या देखरेखीखालीच थांबवायचे. व्यसनमुक्तीच्या सल्ल्यासाठी १४४४६ हा राष्ट्रीय दूरध्वनी क्रमांक आहे. आणि पिऊन आलेला नवरा गरोदर बायकोवर हात टाकत असेल, तर १८१ ह्या महिला मदत क्रमांकावर कळवावे. दारू तिने घेतली नाही तरी तिचा फटका पोटातल्या लेकराला असाही बसतो: मारातून, उपासातून, आणि दवाखान्याच्या भाड्याचे पैसे दुकानात गेल्यामुळे. समाजसेवकाने गरोदर बाईपुरते न पाहता घर पाहायचे, ते ह्यासाठी.

दशमूलारिष्टासारख्या आसव-अरिष्टांविषयीही लोक विचारतात. ती आंबवून केलेली असतात, त्यांत थोडे मद्यार्क तयार होते आणि तसे बाटलीवर छापलेलेही असते. गरोदरपणात वैद्याला विचारल्याशिवाय घेऊ नयेत. बाळंतिणीची ब्रँडी दुधातून बाळाकडे जाते. नवजात बाळाच्या तोंडाला ब्रँडीचे बोट लावण्याची चाल तर सरळ बंद करावी.

गावातली दुकाने बंद करणे हाही एक मार्ग आहे, आणि आपल्या राज्यातल्या स्त्रियांनी तो गाजवला आहे. २००८ च्या नियमाप्रमाणे गावच्या पंचवीस टक्के स्त्री-मतदारांनी मागणी केली तर मतदान होते. पुरेशी मते ‘आडव्या बाटली’ला पडली तर परवान्याचे दुकान जाते. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे, ती लोकांच्या चळवळीतून आली. मी ह्या चळवळींना मनापासून मान देतो. परंतु बाटली आडवी झाली तरी फडावरून गाठोड्यात बांधून आलेली पावशेर उभीच असते. तिला मतदान चालत नाही.

आता शिक्षकबंधूंसाठी थोडे. वर जी लक्षणे सांगितली, ती ऐकून उद्या वर्गातल्या प्रत्येक मंद मुलाच्या आईकडे बोट दाखवू नका. मूल मागे पडण्याची कारणे पुष्कळ असतात: उपाशीपोट, कमी दिसणे, कमी ऐकू येणे, सहा महिने फडावर जाऊन शाळा बुडणे. निदान करणे आपले काम नव्हे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येते, त्यांना असे मूल आवर्जून दाखवा. आणि निदान काहीही असो, एका वेळी एकच सूचना, तीच ती रोज, थोडक्यात आणि न रागावता, ह्याने अशा मुलाला खरोखर मदत होते. आपल्या हातातली दुसरी गोष्ट म्हणजे नववी-दहावीच्या मुला-मुलींना, दोघांनाही, हे आधीच सांगून ठेवणे. पाळी चुकल्यावर कळून थोडा उशीर झालेला असतो, हे मघाशी आलेच आहे.

त्या सुनेचे बाळंतपण मे महिन्यात झाले. मुलगा झाला, अडीच किलोच्या वर भरला. आता तो अडीच वर्षांचा आहे. पहिल्या पाच महिन्यांतल्या त्या घोटांनी त्याचे काही केले की नाही, हे आज कुणालाही सांगता येणार नाही. शाळेत गेल्यावर कदाचित कळेल, कदाचित कधीच कळणार नाही. आशाताईने त्याचे नाव आपल्या वहीत वेगळे लिहून ठेवले आहे. तो केव्हा बसला, केव्हा चालला, पहिला शब्द केव्हा बोलला, हे त्यापुढे नोंदलेले आहे. त्याच वहीत तिने गावातल्या प्रत्येक गरोदर बाईच्या नावापुढे पेन्सिलीने एक रकाना आखला आहे. रकान्याला मथळा नाही. तो कशाचा हे तिला ठाऊक आहे.

गेल्या महिन्यात मी त्या घरी गेलो होतो. म्हातारीने घोंगडी टाकली, चहा दिला. नातू माझा चष्मा ओढीत होता. म्हातारी म्हणाली, “सर, त्या दिशी पारावर तुमी इतकं बोलला. ह्ये का न्हाई सांगितलं?”

मला ठाऊक नव्हते, असे मी तिला सांगितले. मग चहा प्यालो, आणि त्यांच्या अंगणवाडीतल्या मातांच्या पुढच्या सभेची तारीख लिहून घेतली.